मुरलेले हात

इथल्या, अमेरिकेतल्या विमानसंग्रहालयात एक जुना फोटो आहे. देश गमावलेल्या पोलिश वैमानिकांची इंग्रजांच्या हवाई दलात बाँबफेकी तुकडी उभी राहत होती, तेव्हाचा. माहिती देणारा म्हणाला, "यांच्या विमानात वेग वाढवायला दांडा मागे ओढायचा, इंग्रजांच्यात पुढे ढकलायचा. सुरुवातीला यांचे हात चुकायचे."

मी हसलो. नुकतेच भारतातून आलेले माझे वडील, अण्णा, हसले नाहीत. "मुरलेले हात ते," म्हणाले, "एकदम कसे ऐकतील?"

भारतात चालकाशेजारचा माणूस डावीकडे बसतो. इथं तिकडेच स्टिअरिंग. अण्णा सवयीनं त्याच दाराशी जातात आणि आम्ही रोज हसतो, "अण्णा, आज तुम्ही चालवताय का?"

बाहेर येताना मला त्यांच्याकडे बघवेना. ते गाडीच्या मागे थांबले होते, मी कुठलं दार उघडतो ते बघत.