पाच पाकिटं आणि दोन उत्तरं

साबणाच्या भुकटीच्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. मनगट दुखायला लागलं तसं तिला पाकिटं भरायच्या पट्ट्यावरून उठवून संगणकापुढे बसवलं. पाकिटांची वजनं नोंदवायची आणि डेटाबेसला विचारायचं, की ती सरासरीपासून किती विखुरलीत. त्या आकड्याला व्हेरियन्स म्हणतात, एवढंच तिला ठाऊक.

त्या सकाळी तिने जुने ऑपरेटर मामा यांच्या मशीनवरची पाच पाकिटं उचलून तोलली. ४९८, ५०३, ५००, ४९७, ५०२ ग्रॅम. नेहमीचं व्हार-पॉप फंक्शन चालवलं, उत्तर आलं ५.२. मर्यादा सहाची, म्हणजे मशीन पास. पण खालीच व्हार-सॅम्प दिसलं, म्हणून सहज तेही चालवलं. उत्तर ६.५. मशीन नापास!

ताई चक्रावली. वजनं तीच, मग उत्तरं दोन कशी? तिने पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, दोन्ही फंक्शन्स आपापल्या उत्तराला चिकटून होती. मागे मामा उभे. ते मशीन त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं.

"काय गं, तोंड का उतरलं?"

"मामा, तुमचं मशीन पासही आहे आणि नापासही."

"म्हणजे मी कामावर आहे की घरी?"

जेवणाच्या सुट्टीत तिने नणंदेला फोन लावला. ती शाळेत गणित शिकवायची.

"वहिनी, मशीनने काढलेली सगळी पाकिटं तोललीत?"

"छे हो वन्सं! हजारांतली पाच."

"मग सॅम्प, म्हणजे नमुन्याचं. पॉप सगळी तोलली तरच. सॅम्पमध्ये फरकांच्या वर्गांची बेरीज पाचाने नाही, चाराने भागतात."

"पाकिटं पाच, भागायचं चाराने? एक कुठे गेलं?"

नणंद बराच वेळ समजावत राहिली. ताई हं हं म्हणत राहिली, डोक्यात मात्र अंधार. तरी तिने साडेसहाच कळवले. मशीन थांबलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मशीन उघडून, पुसून, आवळून सुरू केलं आणि पहिलंच पाकीट तिच्यापुढे आपटलं. "बघ आता!"

पॉप म्हणालं शून्य. सॅम्पची चौकट रिकामीच.

"शून्य! फरकच नाही!" मामा खूश.

"अहो, एकच पाकीट आहे. फरक कोणाशी करणार?" ताई बोलून गेली आणि स्वतःच दचकली. काहीतरी कळल्यासारखं वाटलं, धरायला गेली तर निसटलं.

"आणखी आणा," ती म्हणाली.

मामांनी कुरकुरत टोपलीभर पाकिटं आणली. या खेपेला सॅम्प चारच्या आत आलं.

"नेमकं बिघडलं काय होतं मामा?"

"मला काय माहीत! मी सगळंच आवळलं. आणि काल फोनवर बोलत होतीस, ते भागताना एक पाकीट वजा का करतात?"

"मलाही नाही माहीत," ताई म्हणाली, आणि तिने पुढच्या मशीनची वजनं भरायला घेतली.