डबल बेल

"म्याडम, एकच सवाल हाय," असं म्हणत मामा उजव्या हाताचं बोट वर करायचे. सवाल एकच कधी नसायचा. एक संपला की त्याच्या पोटातून दुसरा निघायचा. सगळे संपले की बोटातली अंगठी टेबलावर दोनदा आपटायची, टक टक, आणि निघून जायचं. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे तुम्हालाही माहीत असेल. मामा स्वतःलाही डबल बेल दिल्याशिवाय हलवत नसत.

नांदेडात मी डॉक्टर आहे ते आरोग्य केंद्र त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. कोरोनाच्या पहिल्या वर्षी लोक औषधापेक्षा प्रश्नच जास्त घेऊन येत. मला सगळ्याच्या याद्या करायची सवय. मी नेहमीच्या प्रश्नांची यादी केली आणि उत्तरांसकट फळ्यावर लावली. मास्क कधी लावायचा, खोकला आला तर काय करायचं, चाचणी कुठे होते. वाटलं, झालं, आता कामाला लागू. एका आजोबांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "ह्यात म्हशीचं कायच न्हाई. आमची म्हैस शिंकून राहिली."

मामांचा सवाल मात्र ठरलेला. "बायकोला दमा हाय. म्या बाहेरनं आलो तर तिच्याजवळ बसावं का न्हाई?" मी सविस्तर सांगायची. ते मान डोलवायचे, "बरं, बरं." टक टक. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट वर. "एकच सवाल हाय, म्याडम. बायकोला दमा हाय..."

एकदा वैतागून मी फळ्याकडे हात केला. फळ्यावरून पुन्हा माझ्याकडे बघत मामा म्हणाले, "फळा समद्यांसाठी हाय. माझी बायको एकच हाय." सिस्टरने त्यांचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं.

मग एका सकाळी मामीच आल्या. "आवो म्याडम, ह्येंना तुमी सांगितलंय तरी काय? घरात पाय ठेवीना झालेत. ओट्यावर झोपतेत. चहा बी उंबऱ्यावर ठिव म्हणतेत. मी काय वाघीण हाय व्हय?"

मी असं काहीच सांगितलं नव्हतं. उलट, मास्क लावून, खिडक्या उघडून, अंतर ठेवून खुशाल बसा, असं रोज सांगत होते. मग हे ओट्यावर का?

उत्तर चहाच्या वेळी मिळालं. मी आणि सिस्टर आवारातल्या कडुलिंबाखाली, लांब लांब बसून, मास्क हनुवटीवर ओढून चहा पीत होतो. रस्त्याच्या पलीकडे मामा उभे दिसले. मी पुटपुटले, "आली बघ प्रश्नपत्रिका." तेवढ्यात मधून एक ऑटो धडधडत गेला. सिस्टर म्हणाली, "काय?" आणि रस्त्यापलीकडून मामा म्हणाले, "प्रश्नपत्रिका न्हाई म्याडम, एकच सवाल हाय!"

मी कपबशी खाली ठेवली, मास्क वर केला आणि मोठ्याने विचारलं, "मामा, तुम्हाला तिथून ऐकू आलं?"

मामांनी मान डोलवली. "बरं, बरं."

मी मास्क खाली केला आणि तेच पुन्हा विचारलं. मामांचा चेहरा विनातिकीट सापडलेल्या माणसासारखा झाला. ते फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"भरल्या गाडीत मागच्या सीटवरचा माणूस 'भोकर दोन' म्हणला तर आवाज येतो का? तोंड बघूनच तिकीट फाडायचं. तशीच सवय लागली. कान कवा गेले ते मलाच कळलं न्हाई. आन् ह्या कोरोनानं समद्या दुनियेची तोंडं झाकली." मग हळूच, "बायकोला सांगू नका. तिला वाटतं, नवरा लई ध्यान देऊन ऐकतो."

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. औषधाच्या खोलीला मोठी काच आहे. मी आत एकटी, दार बंद, मास्क काढून, आवाज न करता बोलायची. मामा बाहेरून वाचायचे. रांगेतले लोक चकित. "म्याडम नुसत्या तोंड हलवून राहिल्या आन् मामा हाव हाव म्हणून राहिले!"

पहिल्याच दिवशी मामांनी खात्री करून घेतली. "म्हंजे घरात जाता येतं?"

"येतं. पण खोकला किंवा ताप आला, तर लगेच वेगळं व्हायचं आणि चाचणी करायची."

काचेवर टक टक. संध्याकाळी मामींचा निरोप आला, "वाघिणीनं माणूस घरात घेतला."

पुढे गल्लीतले काहीजण कोरोना होऊन विष्णुपुरीच्या वाटेवरच्या, रुग्णांसाठी घेतलेल्या एका वसतिगृहात दाखल झाले; माझीही तिथे फेरी असे. रुग्ण बंद काचेच्या आत, नातेवाईक दोरीच्या बाहेर. फोन सगळ्यांजवळ नव्हते. म्हशीचे आजोबा आतून तळमळून काही सांगत होते आणि बाहेर त्यांच्या सुनेला काही कळत नव्हतं. सुनेला सोबत म्हणून आलेले मामा सगळ्यांपासून लांब उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "औषध घेतलं म्हणून राहिलेत. आता म्हैस कशी हाय ते सांग म्हणतेत. आन् इथली डाळ पांचट हाय, ठेचा पाठव."

त्या दिवसापासून दोरीबाहेर मामांचीच वाट पाहिली जाई. एकदा आतली बाई बरंच बोलली आणि मामांनी तिच्या लेकीला एवढंच सांगितलं, "बरी हाय म्हणती." लेक गेल्यावर मी विचारलं, "खरंच तसं म्हणाली?" मामा म्हणाले, "भ्या वाटून राहिलं म्हणली. पर लेकीला दुचाकीवर भोकरला जायचं हाय अजून."

मग मामांनाच खोकला आला. त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं. त्याच तासाला वेगळे झाले, चाचणी केली, दाखल झाले. मामींना काहीही झालं नाही.

मामींबरोबर मी गेले. दोरीशी आम्ही दोघीच. मामींनी मास्क खाली ओढला आणि काचेकडे बघत त्या बोलत सुटल्या. रागावल्या, रडल्या, भाजीला काय केलं तेही सांगितलं. आत मामांना अक्षरन् अक्षर कळत होतं. मग मामा बोलू लागले. खूप वेळ बोलले. ते काय म्हणतायत हे सांगू शकेल असा एकच माणूस तिथे होता आणि तो काचेच्या आत होता.

मामींचा चेहरा बघून ते थांबले. एक बोट वर केलं. मामींकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मोठा श्वास घेऊन दाखवला.

"ठीक हाय!" मामी ओरडल्या. "दमा ठीक हाय माझा!"

मामांनी अंगठी काचेवर दोनदा आपटली. आवाज आमच्यापर्यंत आला नाही. मामींनी डोळे पुसले. "चला म्याडम. डबल बेल झाली."

मामा बरे होऊन घरी आले. आता दोघं लातूरला मुलाकडे असतात. फोन मामीच उचलतात. "ह्ये समोरच बसलेत," म्हणतात, "लई ध्यान देऊन ऐकून राहिलेत."

परवा खोकल्याची नवी साथ आली म्हणून मी फळा पुन्हा लिहिला. दम्याच्या माणसाजवळ कसं बसायचं, हे आता सगळ्यात वर आहे. एक बाई काचेशी आल्या. त्यांचे सगळे प्रश्न संपल्यावर मी सवयीने काचेवर टक टक केलं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. काचेला कान लावून म्हणाल्या, "काय म्हणलात, म्याडम?"