आक्काच्या ताटातला घास

मनाच्या आजारांवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवण्याची सोय विद्यापीठात यंदा प्रथमच होत होती. मी भरलेला अर्ज आठवडाभर उशाशी पडून होता. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, अन्नात विष कालवल्याचा भास होई. तिच्या ताटातले घास आधी कुणी खाऊन दाखवल्यावाचून ती जेवत नसे. सोवळ्यातल्या आईला दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं वर्ज्य. म्हणून ते घास वर्षानुवर्षं माझेच.

“परक्यांची मनं बरी करशील, हिला कोण जेववील गं?” आई म्हणे.

त्या दुपारी निपाणीच्या वखारींतून तंबाखूचा उग्र दर्प येत होता. थकून माझा हात भातातच थांबला. सोवळं नेसलेली आई शेजारी येऊन बसली आणि आक्काच्या ताटातला घास तिने स्वतःच्या तोंडात घातला.

“अर्ज टाकून ये, जा,” ती म्हणाली.

मला उठवेना.