भिंतीबाहेर न जाणारे यंत्र

सान पेद्रो सुला शहरातल्या आमच्या वस्तीत एर्मेलिंदाबाई शाळेचे गणवेश शिवून चरितार्थ चालवीत. पोरक्या नातीचे संगोपन हे त्यांचे एकमेव व्रत. नोहेलिया सोळा वर्षांची. शाळेची वाट धोक्याची झाल्यापासून तिचे अध्ययन घरीच, संगणकाच्या पडद्यावर चाले. इंटरनेट जोडणाऱ्या माणसाने "वायफायला नाव काय देऊ?" असे विचारले, तेव्हा बाईंनी मोठ्या कौतुकाने नातीचेच नाव सांगितले.

त्या निष्पाप वात्सल्याचे फळ विपरीत निघाले. खिडकीतल्या ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या यंत्राच्या, लहरी रस्त्यावर पोहोचत. वस्तीवर ज्या टोळीचा अंमल होता, तिची पोरे खिडकीखाली बैठक मारू लागली. पासवर्ड त्यांनी दारात येऊन मागितला. अशी मागणी आमच्याकडे कोणी नाकारीत नाही. आता प्रत्येकाच्या फोनवर नोहेलियाचे नाव उमटे. आधी ते वाचले गेले. मग हाकारले गेले.

"नोहेलिया, आज लई हळू चाललीयेस गं!"

"अगं, बाहेर ये की! नुसतं नावच बघायचं का आम्ही?"

बाई संगणकाचे सामान विकणाऱ्या आबेलिनोच्या दुकानी गेल्या.

"सगळ्यात दुबळा ॲक्सेस पॉइंट दाखव."

आबेलिनो हसला. "बाई, लोक तीन मजले भेदणारा मागतात. तुमचं आपलं काहीतरी निराळंच!"

"माझ्या भिंतीबाहेर जाता कामा नये."

त्याचे हसू मावळले. चार अँटेना शिंगांसारख्या उभारलेले एक यंत्र त्याने बाजूला सारले. "हा नको. हा दुसरा सगळ्यात स्वस्त. पण याची लहर लांब पल्ल्याची, भिंतीला जुमानत नाही. हा तिसरा घ्या. वापरलेला आहे, म्हणून परवडेल. याला दोन लहरी. लांबची बंद करून देतो. जवळची तुमच्या सिमेंटच्या भिंतीपुढे दम सोडते. जोरही कमी करतो. मधल्या खोलीत, जमिनीलगत ठेवा."

"आणि नाव दिसूच नये, असं होतं का रे?"

"होतं, बाई."

यंत्र शिवणयंत्राखाली विसावले आणि खिडकीखालची जागा ओस पडली. त्या संध्याकाळी बाईंनी गव्हाच्या रोटीत घट्ट राजमा भरून बालेआदा केल्या. नोहेलियाने पुस्तक मांडीवर ठेवूनच त्या खाल्ल्या, आणि बाई तिला एका शब्दाने रागावल्या नाहीत.

आठवडा उलटण्यापूर्वीच दारावर थाप पडली. पोरांचा म्होरक्या उभा होता. त्याला सारे डावखुरा म्हणत. त्याचा पहिला गणवेश याच बाईंनी शिवलेला.

"आजी, सिग्नल गेला की तुमचा."

"बिघडलंय रे बाळा."

"मग नात आत काय भिंतीशी गप्पा मारतेय?" त्याने मान लांबवून पाहिले. "सिग्नल आतल्या खोलीत येतो म्हणा की. मग हरकत नाही. उद्यापासून आम्ही आतच बसतो. कॉफी तेवढी टाकत जा."

त्याच्या स्वरात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. भय त्या सौजन्याचेच होते.

पहाटेच्या बसने नोहेलिया कोपानच्या डोंगरातल्या मावशीकडे रवाना झाली. तिथवर इंटरनेटची तार पोहोचलेली नाही. पुस्तके सोबत गेली. शिक्षण इथेच राहिले. बस दिसेनाशी झाल्यावर बाई तडक दुकानी आल्या.

"तो शिंगांचा दे."

आबेलिनोने यंत्र काढले. मग खाली पाहतच विचारले, "नाव काय घालू, बाई?"

"माझं घाल."

ते यंत्र आज खिडकीत आहे. पोरे आत येत नाहीत, खिडकीखालीच बसतात, त्यांच्या हातांतल्या फोनवर एका वृद्धेचे नाव उमटते, आणि ते कोणी हाकारीत नाही. घरात त्या लहरींचा उपयोग करणारे कोणी उरलेले नाही. बाई शिवीत असतात. वीज जाऊन आली आणि यंत्र अडखळले, की मात्र बाहेरून आवाज येतो, "आजी, बघा ना जरा!"

आणि बाई सुई खोचून उठतात.