वार्निशावरचे ठिपके

पडदा वर जातो तेव्हा समोर पत्र्याची लांबट शेड दिसते. मागे ओखल्याची यमुना, मे महिन्यातली, आटलेली, काळपट. छपराच्या भोकांतून उन्हाचे झोत उतरलेत आणि त्यांच्या मधोमध लाकडी घोड्यांवर एक वल्हवायची होडी. शेजारी उपड्या बादलीवर बसलेले उल्हास. वय एकोणसत्तर, अंगात बनियन, हातात चिंधी. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, वार शनिवार.

उल्हास सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण दिल्लीतली मराठी मंडळी त्यांना ओळखायची ती रंगभूषेसाठी. चाळीस वर्षं हौशी नाटकांतल्या राजांना त्यांनी दाढ्या चिकटवल्या. नटाच्या खांद्यावर टॉवेल टाकल्याशिवाय डब्यात बोट बुडवलं नाही. आणि काल नेमकं तेच विसरले.

होडी त्यांच्या मेहुण्यांची, बळवंतरावांची. बोट क्लबाने भंगारात काढलेली ही होडी बळवंतरावांनी मागून घेतली आणि अख्खा हिवाळा तिच्या काठाला नि बैठकींना वार्निशचे सात हात दिले. एक हात वाळला की घासायचा, मग दुसरा. सातवा हात दिला त्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा उजवा हात लुळा पडला. तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. बाहेरून पांढरा रंग द्यायचा राहिला होता. “तेवढा मी देतो,” असं उल्हास म्हणाले, आणि त्यांच्या बहिणीने, कुमुदताईंनी, नवऱ्याला रविवारी होडी दाखवायचं कबूल केलं.

काल दुपारी गरम वारा सुटला. काठावर कागद लावायचा उल्हासांनी कंटाळा केला. ब्रश डब्याच्या कडेला निथळायचा सोडून झटकला. एक बाजू संपता संपता घेरी आली, तसेच घरी गेले. आज येऊन बघतात तो बळवंतरावांच्या वार्निशावर पांढरे ठिपके, वाळून खडखडीत.

“साहब, थिनर मारो,” चौकीदार रामबीर म्हणाला. “दो मिनट का काम है.”

“और नीचे का वार्निश?”

“वो भी निकल जाएगा,” रामबीरने प्रामाणिकपणे सांगितलं.

उल्हासांनी एका ठिपक्यावर नख टेकवून पाहिलं. मग त्यांना नटांच्या गालावर घट्ट बसलेला रंग आठवला. तो कुणी खरवडत नाही. तेल लावायचं आणि थांबायचं. त्यांनी जवसाचं तेल आणवलं, प्रत्येक ठिपक्यावर तेलाचा बोळा ठेवला, आणि आइस्क्रीमच्या काडीला धार काढून एकेक ठिपका हलकेच उचलायला लागले. न निघाला तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. पाठ धरली, बोटं वळेनात. चार वाजता काठ कोरडा पुसला, दुसऱ्या बाजूला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, बैठकींवर घरचा टॉवेल टाकला आणि राहिलेला रंग दिला. पट्ट्या मात्र रंग ओला असतानाच सोडवल्या. या उन्हात राहिल्या असत्या तर वार्निशासकट निघाल्या असत्या.

एक ठिपका काही केल्या सुटेना. काडीखाली वार्निश उचललं जातंय असं वाटताच त्यांनी हात मागे घेतला.

रविवारी सकाळी बळवंतराव चाकांच्या खुर्चीतून आले, मागे कुमुदताई. बळवंतराव डावा हात काठावरून हळूहळू फिरवत गेले. एका जागी बोट थांबलं.

“हे काय रे?”

“काल असले पुष्कळ होते, भावोजी. हा एक राहिला.”

“चाळीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवलेस, आणि एक होडी येईना तुला?”

“चेहरे गप्प बसायचे. वाराही नसायचा.”

“काढून टाक की तेवढा,” कुमुदताई म्हणाल्या. “डोळ्यांत खुपतोय.”

“निघेल, ताई. पण यांचं वार्निश घेऊन निघेल.”

बळवंतरावांचं बोट ठिपक्यावरच होतं. “मग वर तू दिला असतास वार्निशचा एखादा हात. कळलंही नसतं मला.”

उल्हासांनी बादली ओढली, तिच्यावर टेकले आणि डोळे मिटले.

“मला कळलं असतं, भावोजी. आता बघा तुम्ही सावकाश, मी जरा बसतो.”