रोमुआल्दोच्या कौलांवरून गेलेली तार

मुकुसारीच्या खोऱ्यात नेपोमुसेनोची पाणचक्की होती. वरच्या अंगाला जमीनदार रोमुआल्दोने आपली चक्की घातली, तरी लोक गहू दळायला नेपोमुसेनोकडेच यायचे. एका दुपारी रोमुआल्दोच्या माणसांनी पहारी घालून नेपोमुसेनोच्या जात्याची वरची तळी, म्हणजे फिरता दगड, फोडली. रोमुआल्दोने गावभर सांगितलं, "म्हाताऱ्याला दगडाला छिन्नीची टाकी लावता येत नाही. दगड आपोआप फुटला."

फोडताना नेपोमुसेनोची चौदा वर्षांची मुलगी एलादिया दारातच उभी होती. बापाने पुढे त्याच रोमुआल्दोकडे पोती वाहिली आणि चार वर्षांत पीठ खोकत तो गेला.

एलादियाने लग्न केलं नाही. विणकाम करून तिने नवी तळी बसवली. पुढे, बंद पडलेल्या कॉफीच्या कारखान्यातला डायनॅमो खेचरांवर लादून आणला आणि चाकाला जोडला. दिवसा दळण, सांजेला दिवे. बत्तीस घरं उजळली. रोमुआल्दोचं तेवढं नाही. खांब त्याच्या फाटकाशी, तार त्याच्या कौलांवरून.

शेवटी तो स्वतः आला. एव्हाना तो काठी टेकत चालायचा.

"पोरी, तार माझ्या डोक्यावरूनच जाते की गं."

"जाते ना. जाऊ दे."

"काय हवंय तुला?"

"रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभे राहा. दगड कसा फुटला, ते सांगा."

सहा रविवार तो आला नाही. सातव्या रविवारी पायरीवर चढला आणि पुटपुटला, "मी फोडायला लावला."

"ऐकू नाही आलं," एलादिया मागून म्हणाली. "बाबांना तर मुळीच नाही."

तो पुन्हा बोलला, मोठ्याने. बायको फिलोमेना त्याला धरून उभी होती. तिनेच विचारलं, "आता तार कधी देतेस?"

"तार देईन असं मी कधी म्हटलं?"

कुणी हसलं नाही. एलादिया घरी गेली, पोटभर जेवली आणि कित्येक वर्षांनी दुपारची गाढ झोपली.

नोव्हेंबरात रोमुआल्दो मेणबत्तीच्या उजेडातच वारला. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी, कुणी न मागता, एलादियाने स्वतः शिडी लावून फिलोमेनाच्या घरात तार उतरवली. दुसऱ्या सकाळी ती तार चक्कीच्या दारात पडलेली होती, मेंढ्या भादरायच्या कात्रीने कापून नीट वेटोळं केलेली.

शेजारीण म्हणाली, "काय ही फिलोमेनाची मिजास!"

"मिजास कसली," एलादिया म्हणाली. "मीही हेच केलं असतं."