घंटेनंतरचा वेळ

शेवटची घंटा झाली आणि सगळी मुलं बाहेर पडली. माझी ईरा तेवढी बाकावर राहिली. तिला वाचायला-लिहायला वेळ लागतो, जरा आवाज झाला की ओळ हातून निसटते. म्हणून तिला परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्याच्या दाखल्यांसाठी मी वर्षभर धावले. आज व्हरांड्यातल्या खिडकीतून तो वेळ कसा असतो ते पाहिलं.

शिपाईमामा पुढच्या पेपरसाठी बाकं ओढत होते. बाई दोऱ्याने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत म्हणाल्या, "सावकाश लिही हं बाळा. झालं का?"

व्हरांड्यात मुलं ओरडून उत्तरं ताडून पाहत होती. मी त्यांना गप्प राहा म्हटलं.

"काकू, पेपर संपला की," एक मुलगी हसून म्हणाली.

तिचंही खरंच होतं. सगळ्यांचं उरकल्यावर जे उरतं, ते माझ्या पोरीच्या वाट्याला आलं होतं. शांतता कुठल्या दाखल्यावर मिळते, कुणाला विचारू?

पुन्हा खिडकीशी आले. ईराने पेन खाली ठेवलं होतं. वेळ अजून बराच होता. पण तिचे दोन्ही हात कानांवर होते.